मीठ न चाखता

“नमक कौन देखेगा?” रज्जब उस्तादांनी विचारलं, आणि देगेच्या दोन बाजूंना उभे असलेले ते आणि मुंजाबा एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

वैशाखाचं ऊन शहागंजातल्या त्या होटलाच्या पत्र्यावर नुसतं वाजत होतं. उस्तादांचा रोजा होता, दिवस मावळेपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा ओठाला लावायचा नव्हता. मुंजाबाच्या गळ्यात तुळशीची माळ होती, आणि देगेत मटणाचा खलिया रटरटत होता. रोज चाखून सांगणारा पाणक्या ताप येऊन घरी पडला होता. आता रोजा सुटला की गिऱ्हाईक नान-खलियासाठी दारात उभं राहणार.

“बद्रीनाथला हाक मारू का?” मुंजाबानं विचारलं.

बद्रीनाथ वाढपी. तो पळतच आला, पळीतला रस्सा फुंकून प्यायला आणि डोळे मिटून म्हणाला, “एक नंबर!”

“नमक?”

“एक नंबर.”

“तिखा?”

“उस्ताद, म्हणलं ना, एक नंबर!”

“इसकू भांडे धोये सो पानी देव, तो बी एक नंबरच बोलेगा,” उस्ताद वैतागले. “जा, टेबल पोंछ.” मग मुंजाबाकडे वळून म्हणाले, “इधर आ. अल्लाह ने नाक क्या खाली छींकने कू दिया? झाकन हटाया तो पहली भाप छोड़ दे, वो मसाले की है. दूसरी भाप पकड़. नमक कम है तो बू कच्ची आती. बराबर है तो बू गोल होती. देख.”

मुंजाबानं झाकण सरकवलं. पहिली वाफ जाऊ दिली. दुसऱ्या वाफेवर वाकला आणि थांबला.

“कच्चा लागतोय, उस्ताद. कमी हाय.”

“कितना?”

“अर्धी मूठ.”

उस्तादांनी अर्धी मूठ टाकली. दिवस मावळला, अजान झाली, उस्तादांनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायले आणि मग पळीभर रस्सा चाखला. मुंजाबाच्या पाठीत असा एक धपाटा घातला की तो पिठाच्या परातीवर कोलमडला.

“तेरा पांडुरंग तेरे नाक में बैठा है रे!”

कीर्तनात मागं उभा असलेला टाळकरी बुवांच्या तोंडाकडे बघत नाही, तरी त्याचा टाळ नेमका समेवर पडतो. कसा पडतो, ते त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. मुंजाबाचं तसंच झालं. त्या रमजानात तो वासावर शिजवायला शिकला.

मुंजाबा देवगाव रंगारीचा, धनगराचा. त्याचे वडील केरबा मेंढरं राखायचे, लोकर कातरायचे, कन्नडच्या बाजारात मेंढे विकायचे. पण घरात मटण शिजायचं नाही. आज्यापासून घराण्यात माळ होती. श्रावणातल्या सप्ताहात केरबा कीर्तनकाराच्या मागं टाळ घेऊन उभे राहायचे, आणि त्यांची ती उभी राहण्याची जागा सगळ्या गावाला माहीत होती. एका वर्षी रोग आला आणि निम्मा कळप बसल्या जागी आडवा झाला. तेव्हा त्यांनी मुलाला शहरात आणलं.

होटल कन्नडच्या काकासाहेबांचं. आधीचा मालक पोलीस ॲक्शननंतर कराचीला गेला आणि जाताना होटल विकून गेला. होटलाबरोबर तांब्याच्या देगा आल्या, भट्टी आली आणि रज्जब उस्ताद आले. उस्तादांची दोन्ही मुलंही कराचीला गेली होती. उस्ताद गेले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणत, “भट्टी इधर है, मैं उधर जा को क्या करूँ?” होटलाच्या माळ्यावर त्यांची वळकटी होती. तेच त्यांचं घर.

पहिल्या दिवशी केरबा दारातच उभे राहिले. आत आले नाहीत.

“उस्ताद, पोरगं तुमच्या वटीत घालतो. कामाला लावा, चुकलं तर मारा. पण याच्या जिभंला तेवढं लागू देऊ नका. माळ हाय गळ्यात.”

उस्तादांनी पिठाचा हात छातीवर ठेवला. “केरबा भाई, मैं भट्टी पे है तब तक इसके मूँ में गोश्त जाएगा नहीं. मेरा वादा.”

केरबांनी चहा घेतला नाही. पायरीवर बसून स्वतःची भाकर सोडली. उस्ताद वाण्याकडे गेले आणि पानावर गुळाचा खडा घेऊन आले. “ये तो चलेगा ना?”

“चालंल की.”

“तुम्हारेच मेंढे मेरी देग में आते, केरबा भाई. और तुम्हारा बेटा बाजू सरक को खड़ा रहेगा!”

केरबा हसले. “आमी पोसतो, तुमी शिजवता, खाणारा तिसराच. देवाचा कारभार हाय, आपण कशाला डोकं लावा?”

एवढ्यावर त्या दोघांचं जमलं.

उस्तादांकडून शिकलेली ती दुसरी वाफ मुंजाबानं गावी नेली. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि मग गावजेवण. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत त्यातलं काही चाखायचं नसतं, त्यामुळं काहिलीभर वरण दरवर्षी कधी आळणी व्हायचं, कधी खारट, आणि माणसं ‘प्रसाद हाय’ म्हणून गिळायची. पंगतीची व्यवस्था गावातल्या नानासाहेबांकडे असायची. त्या वर्षी त्यांचा आचारी आला नाही.

“मी बघू का?” मुंजाबा म्हणाला.

“तू? तिथं खाटकाच्या शेजारी बसून शिकला, आन हितं देवाचं शिजवतू?” एकजण म्हणाला.

दोघातिघांनी नाक मुरडलं. कीर्तनकार महाराज पारावर बसले होते. ते म्हणाले, “माळ आहे ना गळ्यात? मग आणखी काय विचारता?”

“चाखायचं नाय बरं का,” नानासाहेबांनी बजावलं.

“ठावं हाय.”

पंगत बसली. वरण-भात, वांग्याची भाजी. पहिल्या घासाला सगळी पंगत गप्प झाली. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच गलका उठला, “वरण आणा! हिकडं वरण आणा!” केरबांनी दुसऱ्यांदा वरण घेतलं, आणि ते कधी दुसऱ्यांदा घेत नसत. घरी गेल्यावर बायकोला म्हणाले, “बाने, पोराच्या हातावर देव उभा हाय.”

तेव्हापासून सप्ताहाची चूल मुंजाबाची झाली. शहरात वर्षभर तो भट्टीपाशी भाजून निघायचा, नान थापून मनगटावरचे केस जळून गेले होते, काकासाहेब नावानं हाक मारण्याऐवजी ‘ए खलिया’ म्हणायचे. पण श्रावण आला की गाव त्याची वाट बघायचं. माणसाला जगायला तेवढं एक ठिकाण पुरतं.

*

मग एका हिवाळ्यात उस्तादांना मुदतीचा ताप आला. उठले तेव्हा अर्धे झाले होते. तरी भट्टीपाशी येऊन उभे राहिले. पळी तोंडाला लावायचे, मान हलवायचे. मुंजाबाच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली. पूर्वी रस्सा चाखला की उस्तादांचे डोळे आत वळायचे. आता ते रस्सा चाखून दाराबाहेर बघायचे, कुणी हाक मारल्यासारखे.

गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं. एक दिवस खलिया खारट, दुसऱ्या दिवशी तिखटजाळ. काकासाहेब वाईट माणूस नव्हते. मोरीपाशी मुंजाबाला गाठून म्हणाले, “म्हाताऱ्याचा हात गेला का काय रे?”

“न्हाय जी. अशक्तपणा हाय.”

“मला बी तसंच वाटावं असं वाटतं. पण परवा सिटी चौकातल्या शेटजींच्या घरच्या लग्नाचं जेवण, वलीमा, आपल्याकडं हाय. त्यात बिघडलं, तर मग मी त्याला ठिवू कसा, तूच सांग. माझंबी घर याच्यावरच चालतं.”

ठेवलं नाही, तर उस्ताद जाणार कुठं? माळ्यावरची वळकटी उचलली की या शहरात त्यांना टेकायला जागा नव्हती.

वलीम्याच्या सकाळी तिन्ही देगा चढल्या. मधल्या, मोठ्या देगेत उस्तादांनी मीठ टाकलं, पळी फिरवली, चाखलं, दाराकडे बघितलं आणि पुन्हा मिठात हात घातला. मूठ देगेवर रिकामी केली. तिसऱ्यांदा हात गेला तेव्हा मुंजाबानं मनगट धरलं.

“उस्ताद, झालं मीठ.”

“कब?”

“दोनदा टाकलं तुमी.”

उस्तादांची मूठ हळूहळू उघडली. मीठ पुन्हा डब्यात सांडलं. ते पाटावर बसले. “कुछ लगता नहीं रे,” ते म्हणाले. “बुखार गया सो सब ले को गया. पानी पिया क्या, शोरबा पिया क्या, एकच. सूँघता तो बी कुछ नहीं. किसकू बोलूँ?”

मुंजाबानं झाकण सरकवलं. पहिली वाफ सोडली, दुसरीवर वाकला. काहीच कळेना. मीठ कमी असलं तर वास सांगतो. जास्त झालं की वास मुका होतो, हे त्याला उस्तादांनीच शिकवलं होतं. किती जास्त झालंय, आणि त्यात पाणी किती, दही किती घालायचं, ते जिभेशिवाय कळणार नव्हतं. पाणक्याला आणि बद्रीनाथला काकासाहेबांनी शेटजींकडे सतरंज्या घालायला पाठवलं होतं. असते तरी काय! बद्रीनाथनं ‘एक नंबर’च म्हटलं असतं.

त्यानं पळी उचलली.

“नक्को!” उस्ताद धडपडत उठले. “नक्को मुंजा. केरबा कू वादा दिया मैं. निकालने दे मेरेकू यहाँ से. बुड्ढा हो गया, निकालेंगेच एक दिन.”

“आन मग कुठं जाल?”

उस्ताद माळ्याकडं बघायला लागले.

मुंजाबा पाण्याच्या पिंपापाशी गेला. हात धुतले. विठ्ठलाचं नाव घेतलं आणि माळ डोक्यावरून काढली. मण्यांना घामाचा ओलसरपणा होता. महाराजांनी ती गळ्यात घातली तेव्हा तो आईच्या कडेवर होता. त्यानंतर अंघोळीलाही कधी उतरली नव्हती. कोनाड्यात ठेवताना मान एकदम हलकी वाटली आणि त्या हलकेपणाची त्याला भीती वाटली.

पळीभर रस्सा त्यानं तोंडात घेतला. तो त्यानं गिळला, कारण अर्धवट चाखून नीट कळत नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि जीभ आपलं काम करत होती.

“दही,” तो म्हणाला. “आन दोन तांबे गरम पाणी. कांदा भाजून टाका आणखी.”

वलीमा नीट झाला. शेटजींनी निरोप पाठवून दाद दिली. काकासाहेब हसत आत आले. “बघा, आला का न्हाय उस्तादांचा हात जाग्यावर!”

उस्ताद खाली बघून राख उपसत राहिले.

त्या दिवसापासून उस्तादांची जीभ मुंजाबा झाला. मीठ टाकायचे उस्तादच, आणि जास्त पडलेलं मीठ वासाला कळत नव्हतं; पाणक्याला चाखायला लावलं असतं तर गोष्ट काकासाहेबांच्या कानावर गेली असती. देगेवर नाव उस्तादांचं, पळी त्यांच्याच हातात; फक्त गिऱ्हाईक यायच्या आधी मुंजाबा पाठ करून उभा राहायचा आणि चाखायचा. एकदा उस्ताद म्हणाले, “काम हुआ तो फिर पहन ले ना रे. किसकू दिखताय?”

“न्हाय उस्ताद. सकाळी काढायची, संध्याकाळी घालायची, ती माळ नव्हं. ते मुंडासं झालं.”

*

श्रावण आला. सप्ताहाचं बोलावणं आलं.

“जाऊन सांगतो,” मुंजाबा म्हणाला.

“मैं बी आता,” उस्ताद म्हणाले. “वादा मेरा था.”

काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी ते दोघं एसटीनं देवगावला उतरले. केरबा अंगणात मेंढीच्या खुरात रुतलेला काटा काढत होते. त्यांनी वर बघितलं, आणि त्यांची नजर मुलाच्या तोंडावर जायच्या आधी गळ्यावर गेली. बानाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनंही बघितलं. पदर तोंडाला लावून ती तिथंच थांबली.

केरबांनी काटा काढला, मेंढीला सोडून दिलं. “या उस्ताद. बसा.”

उस्ताद बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. ताप, मीठ, वलीमा. मराठी त्यांना धड यायची नाही, पण त्या दिवशी त्यांनी निम्मं मराठीत सांगितलं. “वादा माझा होता, केरबा भाई. मैं तोड़ा. पोरगं नाही तोड़ा. जो सजा देना वो मेरेकू देव.”

केरबांनी हातातला काटा अंगणाबाहेर फेकला.

“तुमाला कसली सजा?” ते म्हणाले. “म्हाताऱ्या माणसाचं घर जाऊ दिलं नाय त्यानं. वंगाळ काय केलं?”

मुंजाबानं हातातलं गाठोडं खाली ठेवलं.

“पण मुंजा,” केरबा म्हणाले, “चांगल्यासाठी काढली, हे खरं. तरी काढलीच की रं. म्या खोटं कसं बोलू देवापुढं?”

“खोटं बोला असं म्या म्हणत नाय, बा.”

“महाराज देवळात हायती. उद्याच्या उद्या घाल परत. कुणी तुला नाव ठिवणार नाय. पण मग त्या भट्टीवर परत जायचं नाय.”

“घाल बाबा,” बानाबाई म्हणाली. “आपल्या मेंढरांत ऱ्हा.”

“पहन ले बेटा,” उस्ताद घाईनं म्हणाले. “मेरा मैं देख लेगा. अल्लाह है.”

मुंजाबा एकदा आईकडे बघून उस्तादांकडे वळला. प्रवासानं त्यांचे पाय सुजले होते. धोतराच्या सोग्यानं त्यानं तोंड पुसलं.

“परवा खलियाला मीठ कोण बघंल, उस्ताद?”

केरबांनी मान खाली घातली.

“मग चुलीपाशी जाऊ नको,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं असं मुंजाबाला वाटलं. “नानासायबाला म्या सांगतो.”

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन उभं राहिलं. मंडप भरून बाहेर माणसं. महाराजांनी गोपाळांच्या शिदोऱ्या सोडल्या. कुणाची ताजी भाकर, कुणाची शिळी, पेंद्याजवळ तर आंबलेलं ताक. देवानं सगळं एका ठिकाणी कालवलं. “आणि मंडळी,” महाराज म्हणाले, “पेंद्यानं आपला घास आधी दातानं तोडून बघितला, आंबट तर नाही ना, आणि मग तो उष्टा घास देवाच्या तोंडात दिला. देवानं विचारलं का, तू तोंड कशाला लावलं होतंस?”

मंडप हसला, कुणी डोळे पुसले. महाराजांना मुंजाबाच्या माळेचं काही माहीत नव्हतं. काल्याला ही कथा ते दरवर्षी सांगत. मागं उभ्या असलेल्या केरबांचा टाळ तेवढा चुकला. शेजारच्या टाळकऱ्यानं चमकून बघितलं. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. केरबांनी डोळे मिटले आणि पुढच्या आवर्तनाला टाळ धरला.

मंडपाच्या कडेला, चपलांपाशी, मुंजाबा आणि उस्ताद बसले होते. देवळामागच्या चुलवणाकडून वास येत होता. नानासाहेबांचे पुतणे काहिलीपाशी धावपळ करत होते. मुंजाबाला बसल्या जागी कळलं. डाळ बुडाला लागायला लागली होती आणि वरणाला मीठ कमी होतं. वास कच्चा होता. तो अर्धवट उठला. गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर तसाच राहिला, मग खाली बसला.

“क्या हुआ?” उस्तादांनी विचारलं.

“काय न्हाय.”

पंगत बसली. माणसं जेवली, प्रसादाला नाव ठेवायचं नसतं. ‘वरण आणा’ म्हणून कुणी ओरडलं नाही. नानासाहेब वाढताना मुंजाबापाशी आले, थोडे घुटमळले, आणि त्याच्या पानावर भाताची मोठी मूद घालून पुढं गेले.

पंगती उठल्या. मंडपाचे बांबू उतरायला लागले. काहिल्या ओढून विहिरीपाशी आणून टाकल्या होत्या, एकदा रिकाम्या झाल्या की त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मुंजाबा उठला, धोतर खोचलं, राख आणि काथ्या घेतला आणि सगळ्यात मोठ्या काहिलीत उतरल्यासारखा वाकला. चुलीला हात लावायचा नव्हता. घासायला कुणाची ना नव्हती. उस्ताद विहिरीच्या कट्ट्यावर बसून तांब्यातांब्यानं पाणी देत होते.

थोड्या वेळानं समोरून सावली पडली. केरबा होते. त्यांनी टाळ कट्ट्यावर ठेवले, बाह्या वर केल्या आणि काहिलीच्या दुसऱ्या बाजूला उकिडवे बसले.

“ऱ्हाऊ द्या बा. म्या करतो.”

“बुडाला लई धरलंय,” केरबा म्हणाले. “एकट्याच्यानं निघायचं नाय.”

त्यांनी मूठभर राख घेतली. उस्तादांनी दोघांच्या मधोमध पाणी सोडलं. करपलेली डाळ सुटून काळं पाणी पायांखालून वाहायला लागलं. आणि बापलेक, डोक्याला डोकं लागेल इतके जवळ वाकून, घासत राहिले.